गस्ती जहाजाच्या चाचणीचा मूळ कागद

मी, खाली सही करणारी, वय त्रेसष्ट, तटरक्षक दलासाठी जहाजं खरेदी करणाऱ्या सरकारी खात्यातली निवृत्त तपासनीस, पूर्ण शुद्धीत राहून हे मृत्युपत्र लिहिते. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

कलम १. राहतं घर धाकट्या बहिणीला. स्वयंपाकघराची खिडकी खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, हे तिला ठाऊक आहे. तिचे यजमान जहाजबांधणी कारखान्याचे व्यवस्थापक आहेत. घराच्या कुठल्याही कागदावर त्यांची सही नको.

कलम २. माझा पितळी ओळंबा कारखान्यातल्या निवृत्त मिस्त्रींना. जहाजाच्या चाचणीत त्यांनी डेकवरची वजनं एका बाजूने दुसरीकडे सरकवायची आणि ओळंबा किती हलतो ते मी मोजायचं. कललेलं जहाज परत उभं राहील की नाही, ते त्यावरून कळतं.

कलम ३. बँकेतली ठेव सुकाणूवरच्या त्या खलाशाला (कलम ४ पाहा). त्याने नाकारली तर आणखी एकदा विचारावं, तिसऱ्यांदा नको.

कलम ४. कपाटातलं पाकीट माझ्या मृत्यूनंतर जहाज-अपघातांच्या चौकशी कचेरीत द्यावं. त्यात चाचणीचा मूळ कागद आहे. खात्याने ऐन वेळी जड तोफ बसवायला लावली आणि या बनावटीचं पहिलं जहाज चाचणीत स्थिरतेच्या मर्यादेखाली आलं. मेहुणे घरी आले. "ताई, एवढ्याशा फरकाने जहाज बुडत नसतं. सोपवायची तारीख जाहीर झालीय."

"मग चाचणी कशाला घेतली?"

"तुम्ही अडून बसलात तर माझी नोकरी जाईल. बहिणीकडे तरी बघा."

हे नातं मी खात्याला कधी कळवलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी आकडा बदलून सही केली. आठ महिन्यांनी वळण घेताना जहाज आडवं झालं. दोघे समुद्रात फेकले गेले, एक सापडला नाही. ठपका सुकाणूवाल्यावर आला. त्याला घरी बसवलं आणि मी गप्प राहिले.

आज सकाळी इथवर वाचून दाखवलं तेव्हा साक्षीला आलेले मिस्त्री म्हणाले, "बाई, तुमची भाची उद्या त्याच बनावटीच्या दुसऱ्या जहाजावर निघतेय. तुम्ही मेल्यावर पाकीट उघडून काय करायचं?"

हयातीत कुणाला तोंड दाखवायला लागू नये, एवढाच माझा बेत होता.

म्हणून कलम ४ रद्द. पाकीट मी आज दुपारी स्वतः कचेरीत दिलं. अधिकाऱ्याने विचारलं, "आकडा कोणी बदलला?"

"मी."

"बसा. जबानी घ्यावी लागेल."

जबानी तीन तास चालली. पोच सोबत जोडली आहे.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, आमचं निघणं थांबवलंय. पुन्हा चाचणी आहे म्हणे. बाबा कुणाशी बोलत नाहीत. काय झालंय?"

मी सगळं सांगितलं.

"मी या जहाजावर जाणार, हे बाबांना माहीत होतं?"

"माहीत होतं. मलाही होतं."

तिने फोन ठेवला. वरची बाकी कलमं कायम आहेत.

सही: (तपासनीस)
साक्षीदार: १. मिस्त्री, निवृत्त. २. शेजारच्या परिचारिका. दोघांच्या सह्या माझ्यासमोर झाल्या.
स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा मंगळवार, संध्याकाळी सात