मामांचं इंजिन आणि आमची तबकडी

कराड, १२ जानेवारी १९७६

ती. आकाराममामांच्या पायांशी मानसिंगचा दंडवत. मामींचा गुडघा कसा आहे? गुऱ्हाळ जोरात असेलच. इंजिनाची तब्येत बरी आहे ना? (हे मनापासून विचारतो आहे.)

गेल्या हंगामात आईने घराबाहेर काढल्यावर मी आणि पीरमहंमद गिटार, ड्रम आणि टेपरेकॉर्डर घेऊन तुमच्या गुऱ्हाळावर गाणं टेप करायला आलो होतो, ते तुम्ही विसरला नसाल. रानात विजेचा खांब तिथवरच आलेला. (तुमचा विजेवर भरवसा नाही म्हणून चरक अजून ऑइल इंजिनावर, हेही खरं.) तबकडीच्या एका बाजूला एकच गाणं, बावीस मिनिटांचं, 'पाण्याखालचं गाव'. त्यासाठी मी कॉलेज सोडलं आणि पीरमहंमदने लग्नाच्या बँडवर पाणी सोडलं. आम्ही हात जोडले तरी तुम्ही इंजिन बंद केलं नाही. "चरकात ऊस हाय रं, तुजं गाणं काय नासतंय व्हय?" असं म्हणालात. मी रागाने न जेवता निघालो आणि वर्षभर पत्र टाकलं नाही. माझं चुकलं, मामा.

त्याच टेपवरून तबकडी मुंबईहून काढून आणली. कराडात कुणी ऐकून घेईना. भाऊसो न्हाव्याने दुकानात लावली, तर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक उठून गेलं. आणि परवा पुण्याच्या एका साप्ताहिकात दोन रकाने भरून स्तुती आली! समीक्षक लिहितात, आजवरच्या मराठी संगीतात असं धाडस झालेलं नाही. मागे अखंड चाललेली धडधड म्हणजे यंत्रयुगाचं काळीज आहे, आणि मधेच उठणारी ती हाक म्हणजे श्रमिकाचा आक्रोश. हाक तुमचीच आहे. चरकावरच्या केरबाला तुम्ही ओरडला होता, "आरं लाव की ऊस!"

पुढच्या महिन्यात पुण्यात कार्यक्रम ठरला आहे. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
मानसिंग

ता. क. : इंजिन एका दिवसासाठी द्याल का? ट्रक सांगून ठेवला आहे. धुराची नळी खिडकीतून बाहेर काढायला नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी परवानगी दिली. (त्यांना ते वाद्य वाटलं.)

ता. क. २ : तुम्हीही या. माझ्या गाण्याबद्दल समीक्षकांनी एकच ओळ लिहिली आहे: 'गायकाचा मात्र मधूनमधून अडथळा होतो.' लय लागलं मनाला. तेव्हा पुण्यात हाक तुम्ही मारा, मी ऊस लावतो.