शांतीच्या खोलीतली शेगडी

पांढरकवडा, पौष, सोमवार, १९५९. संध्याकाळ.

शांती वाचली. बाळही!

शांती, माझी धाकटी बहीण, बाळंतपणाला आली आहे. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि वारा लागू नये म्हणून सगळे बंद. खिडकीच्या फटींत कापूस मीच भरला, एकही न सोडता. दुपारी तिचे डोके दुखले, मग ती ओकली, मग हाकेला ओ देईना.

"नजर लागली. मिरच्या आण," आत्या म्हणाली.

मी दवाखान्यात चिठ्ठ्या लिहितो. डॉक्टरांनी एकदा सांगितले होते, निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. माणसाला आधी उघड्यावर न्यावे. मी बाळ आत्याकडे देऊन तिला बाहेर पाठवले आणि शांतीला उचलून अंगणात आणले.

"बाळंतिणीले वाऱ्यात कायले नेऊन राह्यला? मारतं का तिले?"

कापूस मीच भरला होता ना? ती गेली असती तर?

घटकाभराने शांतीने डोळे उघडले. "दादा, बाळाले थंडी लागून राह्यली. टोपरं आण न!" माझ्यावरच खेकसली.

मी टोपरे आणायला धावलो.

"हासून काहून राह्यला रे?" आत्याने विचारले. मी हसतो आहे हे मला तेव्हा कळले.