घरची गाठ

रेवदंडा,
ता. ९ फेब्रुवारी १९३४

सौ. अंजनावहिनींना रंगरावाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी धड आहे. मायचा खोकला कमी झाला असेल अशी आशा करतो. तुम्ही चौथी शिकलेल्या. हे पत्र एकट्याच वाचा, मायपुढं मोठ्यानं वाचू नका.

दादाला शोधायला तुम्ही धाडलंत, पण प्रवासानंच हाडं खिळखिळी झाली. दोन दिवस रेल्वे, मग आगबोट. बोटीत तर आतडी पिळवटून निघाली. एवढं सोसून पाहिलं काय, तर गावाभोवती फिरंग्यांनी बांधलेला काळा तट. आपल्या कारंज्याच्या वेशी पाहून आपण तोंडात बोट घालतो. इथं तटाच्या आत अख्खं गाव नांदतं. समुद्र हाकेवर, तरी विहिरीला गोड पाणी. पडक्या भिंतींमधून सुपारीची झाडं, अन् त्यांवर पानवेली.

हे लांबण मी उगाच लावतोय, तुम्हाला कळलंच असेल.

फुलचंद पानवाल्यानं सांगितलेली वाडी सापडली. वेली आपल्या घरच्याच गाठीनं बांधलेल्या, डावा पीळ देऊन, टोक आत खोचून. ही गाठ घराबाहेर कुणाला शिकवायची नाही, हा आपला कुळाचार. तुम्हालासुद्धा दादानं ती लग्नानंतरच शिकवली. पानमळ्याच्या रीतीनं वहाणा बाहेर काढल्या आणि पळतच आत गेलो. एक बाई वेल बांधत होती. तिच्या हातातली गाठ पाहिली अन् पुढं काही विचारायची गरजच उरली नाही.

दादा मागून आला. फार वाळलाय.

"रंग्या, इतक्या दूर कायले आला?"

"वहिनी सहा वर्सं तुयी वाट पाहून राह्यली, दादा."

त्यानं एक सुटलेली वेल बांधून घेतली. मग म्हणाला, "तिले सांग, मी भेटलोच नाही."

मी हो म्हणालो होतो. पण मग तुम्ही अजून सहा वर्षं वाट पाहाल, आणि रोज ते बघायचं त्राण माझ्यात नाही. थकलो, वहिनी.

त्या बाईच्या हातचं जेवलो. बाई वाईट नाही. तेवढा अपराध पोटात घाला.

पत्र माझ्याआधी पोचावं म्हणून मुंबईत दोन दिवस मुद्दाम काढीन. बुधवारी येतो. मळा तुमचा आहे, तुमचाच राहील. दरवेळेसारख्या वेशीपर्यंत येऊ नका. आलातच, तर माझ्या मागं बघू नका. मी एकटाच आहे.

तुमचा धाकटा दीर,
रंगराव