अंगणातले काँक्रीट फोडावे

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा रंगीत व ठशांच्या काँक्रीटचा, हे स्वहस्ते लिहीत आहे. फुप्फुसे सिमेंटच्या धुळीने निकामी झाली आहेत, पण डोके ठिकाणावर आहे आणि कोणाची बळजबरी नाही. यापूर्वी लिहिलेला कागद रद्द समजावा.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला. जावयाने घर विकायची घाई करू नये. माणूस वाईट नाही, उतावळा आहे.

२. दगड, वीट व लाकूड यांच्या ठशांचे सर्व रबरी साचे आणि मिक्सर धाकट्या भावाला. बाजारातला चौक, शाळेचे आवार आम्ही दोघांनी मिळून केले. पुढे मी त्याला कामावरून हाकलले. नऊ वर्षे बोललो नाही. तो कामचुकार आहे असे मी चारचौघांत सांगत आलो. ते खोटे आहे.

३. खरे कारण असे. घरच्या अंगणात मी निळसर दगडाचा ठसा उठवून वर चकाकीचा थर देत होतो. भाऊ म्हणाला, "दादा, थरात खरखरीत पूड घाल. पाणी सांडलं की पाय सरकेल."

"चकाकी मरते त्यानं. गिऱ्हाइकं हे अंगण बघूनच काम देतात."

"वहिनी रोज इथूनच कपडे वाळत घालायला जातात."

"मला शिकवू नकोस," म्हणून मी त्याला बाहेरची वाट दाखवली.

४. पुढच्या वर्षी माझी बायको धुण्याची बादली घेऊन तिथेच पडली. डोक्याला मार लागला, चौथ्या दिवशी गेली. चक्कर आली, असे मी दवाखान्यात सांगितले. आदल्याच दिवशी मुलीने तिला रक्तदाबाची नवी गोळी आणून दिली होती. "बाबा, त्या गोळीनंच ना?" तिने विचारले. मी गप्प राहिलो. भाऊ मौतीला आला, अंगणाकडे बघत उभा राहिला आणि निघून गेला.

पोरी, तिला चक्कर आली नव्हती. मी खिडकीत होतो. तिचा पाय सरकताना मी पाहिला.

५. अंगणातले काँक्रीट फोडून तिथे साधी माती ठेवावी. काम भावाने करावे. त्याला हात दुखेपर्यंत घण घालावासा वाटेल, घालू द्यावा.

६. मुलीने मला माफ करावे, अशी अट या कागदात नाही. ती रोज संध्याकाळी माझे जेवण घेऊन येते, पण माझ्या औषधांना हात लावत नाही. "गोळ्या तुमच्या तुम्हीच काढून घ्या, बाबा," म्हणते आणि तोंड फिरवते. आजही म्हणाली. आजही मी काही बोललो नाही.

सही (माझीच)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही केली, मजकूर वाचायला दिला नाही:
शेजारचे सुतार (सही)
वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू शिक्षिका (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
मंगळवार, नऊ मार्च