थांब्याची खूण

३ नोव्हेंबर
आजपासून आमचा बँड कानावर नाही, कागदावर चालणार. लॅपटॉपात नोटेशनचं सॉफ्टवेअर घेतलं. धंदा कानावर उभा केला हे खरं. क्लॅरिनेटची पत्ती चिरली तर मला दोन गल्ल्या पलीकडून कळतं. पण पायलचा हट्ट, बाबा, माझ्या लग्नात डीजेच. शेवटी तडजोड. साखरपुड्याला आपला बँड. शिस्तीत वाजला तर लग्नालाही बँड, नाहीतर डीजे. म्हणजे लग्नाला बँड. ठरलंच.

६ नोव्हेंबर
‘बी फ्लॅट क्लॅरिनेट’ लिहायचं होतं. फ्लॅटची खूण अक्षरांत शिरेना. दिसते छोट्या बीसारखीच, म्हणून तोच टाकला. आमच्या क्लॅरिनेटवाल्या सिद्धप्पानं वाचलं ‘बीबी’. म्हणाला, कुणाची, मालक?
अडाणी.

९ नोव्हेंबर, दुपार
आमच्या लोकांना नोटेशन येत नाही, मराठी येतं. म्हणून सूचना मराठीत. मुख्य सूचना : ‘नवरदेव आला की’, आणि पुढं थांब्याची खूण. वर कमान, खाली टिंब. माझा हात वर आहे तोवर सूर धरून ठेवायचा. नुसतं ‘थांबा’ लिहिलं तर वाजवायचंच थांबतील. मी काय दूधखुळा आहे?

संध्याकाळ
खुणेच्या जागी चौकोन येतोय. पायल म्हणाली, मराठी फॉन्टमध्ये ती खूण नसते, तेवढ्यापुरता म्युझिकचा फॉन्ट निवडा. म्हटलं, तू कॉम्प्युटर शिकलीस, मी माणसं. प्रिंटवर बरोबर येईल.

१० नोव्हेंबर
प्रिंटवरही चौकोन. पण ठसठशीत. तालमीत समजावू.

१४ नोव्हेंबर
तालीम रद्द. ढोलवाला येडू सोयरिकीला करमाळ्याला गेला. हरकत नाही. कागद वाटलेत.

१६ नोव्हेंबर
साखरपुडा. नातेपुत्याचे पाहुणे आले. जावई उदयसिंहराव गाडीतून उतरले. मी हात वर केला. बँडवाले सगळे गप्प, आणि चारी बाजूंनी जावयाला घेरून उभे! आत जावई, बाहेर पायलची आई वच्छला ओवाळणीचं ताट घेऊन. सिद्धप्पाकडं डोळे वटारले. म्हणाला, तुमीच लिवलंय की, नवरदेव आला की चौकोन. मग वाजवत का नाही? तर म्हणे, वाजवा म्हून कुटं लिवलंय?
जावयाला येडूच्या ढोलाखालून बाहेर काढलं.

१७ नोव्हेंबर
व्हिडिओ नातेपुत्यात फिरतोय. व्याह्यांचा फोन : असा मान आमच्याकडं कुणाला मिळाला नाही. म्हटलं, सगळं नोटेशनमध्ये होतं. खोटं नाही.

१८ नोव्हेंबर
पायलनं लग्नाला बँड ठरवला! म्हटलं होतं ना?
फक्त चौकोन करायचा. वाजवणार डीजे.
सिद्धप्पानं विचारलं, वाद्यं आणायची का? पायल म्हणाली, आणा की काका, फोटोत बरी दिसतील.