गिफ्टचा रकाना

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१० ऑगस्ट २०२५

प्रिय करुणाताई,

सप्रेम जय भीम. तू, भाऊजी आणि छोटी संस्कृती लेस्टरला मजेत असाल. इकडं आईची तब्येत ठीक आहे, बीपीची गोळी वेळेवर घेते. शेजारच्या चंपाबाईंच्या सुनेला मुलगी झाली. नळाला पाणी अजूनही आठवड्यानंच येतं. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर अवघड बोलणं निघालं की मी नेटवर्कचं निमित्त करून ठेवून देतो. हे तुला माहीत आहे.

आधी दुकानाचं सांगतो. आपल्या गोधड्यांच्या ऑनलाइन दुकानाची इंग्लंडात व्हॅटसाठी नोंदणी झाली. उस्मानपुऱ्यात मोनिका म्हणून कर सल्लागार आहेत. वयानं माझ्याहून लहान, तोंडानं फटकळ, पण काम चोख. नियम असा आहे: एकशे पस्तीस पौंडांपर्यंतचा माल इथून थेट तिकडच्या गिऱ्हाइकाला विकला, तर तिकडचा वीस टक्के कर आपणच ऑर्डरच्या वेळी घ्यायचा आणि तिकडच्या सरकारकडं भरायचा. आता वेबसाइटवर इंग्लंडचा पत्ता टाकला की कर वेगळा दिसतो. आपला नोंदणी क्रमांक पार्सलच्या कागदावर जातो, त्यामुळं हा कर कुणी गिऱ्हाइकाच्या दारात मागत नाही. अमेरिकेत राज्याराज्याचा कर वेगळा, म्हणून मी घाबरत घाबरत तेही विचारलं. मोनिका म्हणाल्या, "विक्री बरीच मोठी झाली की तिथं नोंदणी लागते. तुमच्या वर्षाला नऊ गोधड्या जातात. एवढ्यात स्वप्नं नका बघू."

किंमत वाढल्यामुळं इंग्लंडच्या ऑर्डरी थोड्या कमी झाल्या. चालतंय.

तुझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या मार्गारेटबाईंना मी वेगळं माफीचं पत्र पाठवलंय. त्यांची गोधडी मार्चमध्ये कस्टमनं उघडली, तेव्हा कागदावर बाहेर 'गिफ्ट, तीस पौंड' होतं आणि आत आपलंच पंच्याऐंशी पौंडांचं बिल निघालं. त्यांना खुलासा मागणारी नोटीस गेली. त्यांनी सगळ्या नर्सांसमोर तुला विचारलं, तुझ्या घरचे लोक असं करतात का म्हणून. तू त्याच दिवशी घरी फोन केलास.

तू विचारलंस, "हे कुणी केलं?" मी म्हणालो, "पॅकिंग आईकडं असतं. कागद तिनंच लावला."

ताई, कागद तिनंच चिकटवला, एवढं खरं. भरला मी होता.

संस्कृती झाली तेव्हा आईनं तुझ्यासाठी गोधडी पाठवली, ती बघून तुझ्या तीन मैत्रिणींनी मागितल्या. आईनं पैसे घेऊ दिले नाहीत. "माझ्या लेकीच्या बाळंतपणात ज्यांनी हात दिला, त्यांच्याकडून पैसं घेऊ व्हय?" म्हणाली. त्या तीन खरोखर भेटीच होत्या, म्हणून कुरिअरच्या वेबसाइटवर मी गिफ्टच्या रकान्यात खूण केली. पुढं दुकान सुरू झालं आणि प्रत्येक ऑर्डरला मी तोच जुना फॉर्म उघडून नाव-पत्ता बदलत गेलो. सुरुवातीला लक्षात आलं नाही. मग लंडनच्या एका बाईंनी लिहिलं, बाकीच्या दुकानांच्या मालावर कर लागतो, तुमच्यावर कसा नाही? त्या दिवशी मी नियम वाचला. तिकडं एकोणचाळीस पौंडांपर्यंतच्या भेटीला कर नाही, तोही माणसानं माणसाला पाठवलेल्या. मी सगळं वाचलं आणि फॉर्म तसाच ठेवला. शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी सोडून दोनच महिने झाले होते. स्वस्त आहे म्हणून ऑर्डरी येत होत्या, त्या थांबल्या तर काय, एवढंच डोक्यात होतं.

मोनिकांनी जुन्या पार्सलांची यादी पाहिली तेव्हा म्हणाल्या, "चौदा महिन्यांत एकसष्ट भेटी! अख्खं इंग्लंड तुमचं पाहुणं आहे का हो?"

मागच्या चुकीची कबुली तिकडच्या कर खात्याला द्यायची होती. चूक कशी झाली, कुणाकडून झाली, ते लिहायचं असतं. मी मसुद्यात लिहिलं, 'पॅकिंग करणाऱ्या कामगाराची चूक.'

"कामगार कोण?" मोनिकांनी विचारलं.

"आई."

"मग त्यांना घेऊन या. मला त्यांच्याशी बोलायचंय."

आई ठेवणीतली जांभळी साडी नेसून आली. मोनिकांनी तिच्यापुढं कुरिअरचा एक जुना फॉर्म ठेवला. "मावशी, यात भेटीचा रकाना कुठला, दाखवता?" आईनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग टेबलावर ठेवला. सगळं इंग्रजी, छापील. मोनिकांनी माझ्याकडं पाहिलं. "खाली तुमचा लॉगिन नंबर छापलाय, राजकुमार."

मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "माझं नाव टाका ना बाई. मला सही येती. मला काय व्हणार हाय? त्याला आता नोकरी बी नाय."

"मावशी, खोटं लिहून खोटं निस्तरत नसतं," मोनिका म्हणाल्या.

मसुद्यातली ती ओळ मी तिथंच खोडली आणि माझं नाव लिहिलं. कर आणि त्यावरचं व्याज भरावं लागेल. दंड किती, ते अजून कळलेलं नाही.

घरी येताना रिक्षात मी आईला म्हणालो, करुणाताईला आजच सांगतो. ती माझ्यावरच चिडली. "अजिबात सांगायचं नाय. आईवर धरलेला राग पोरगी कधी ना कधी सोडती. भावावर धरला तर तिचं माहेर जातं. मी काय जन्माला पुरणार हाय का? माझ्यामागं तिनं कुणाच्या दारात यायचं?"

मी तेव्हा बरं म्हणालो. त्याला तीन आठवडे झाले.

तू त्या दिवशी तिला म्हणालीस, "तुला वाचता येत नाही तर कागदाला हात कशाला लावतेस?" फोन स्पीकरवर होता. मी शेजारी बसलो होतो. एका वाक्यात थांबवता आलं असतं. आई "चुकलं बाई" म्हणाली आणि मी तिला ते म्हणू दिलं. पाच महिने झाले, तू तिला फोन केला नाहीस. ती तिच्या मोबाइलची रिंग मोठी करून घेते माझ्याकडून, दर दोन-चार दिवसांनी. म्हणते, कमी झाल्यासारखी वाटती.

हे पत्र मी तिला न सांगता पाठवतोय. तिची भीती खरी ठरू शकते, हे मला कळतं. ते तुझ्या हातात आहे, आणि तुझा जो काही निर्णय असेल तो मी ऐकून घेईन. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

आईला मात्र फोन कर. इथल्या सकाळी दहाला शिवायला बाया येतात, त्यांच्यासमोर ती हसून 'सगळं बरंय' म्हणेल. त्याच्या आधी कर. तुमच्याकडं पहाट असेल, पण ऊठ. ती रडली तर रडू दे. मी त्या वेळी घरात थांबणार नाही.

अजून स्वतःला तुझा भाऊ म्हणवून घेऊ इच्छिणारा,
राजकुमार