पिकअपची ओटी

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार, सकाळी

सायले, ही वही माझी आहे आणि माझ्याचसाठी आहे. मला अक्षर येत नाही म्हणून लिहायला अन् वाचून दाखवायला तू. आणि तू कशी, तर चष्मा डोक्यावर चढवून घरभर चष्मा हुडकणारी. काल साखर आणायला गेलीस अन् साबण घेऊन आलीस. म्हणून दर पानावर तारीख घाल. मी काय बोलले ते मला पक्कं ध्यानात राहतं. तुझ्या नाही राहत.

सायली विचारतेय, आजी, मला नावं ठेवलीस तेपण लिहू का. व्हय, लिही. आधी तेच लिही.

आता मुद्दा. औंदा पाऊस झाला नाही. चिकलठाण्याकडं जिथं ज्वारी होती तिथं सात-सात मजल्यांच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्यात, अन् एकेका घराला तीन-तीन नळ, सगळे कोरडे. आपल्या विहिरीला पाणी आहे. म्हणून माझा कडूबा पिकअपवर दोन हजार लिटरची टाकी ठेवून सोसायट्यांना पाणी टाकतो. मी पुढच्या सीटवर बसते. माझ्याशिवाय त्याला रस्ता सुचत नाही.

आज भट्टीच्या चढावर आम्ही भरल्या टाकीनं चाललो होतो. मागून माझी धाकटी जाऊ द्वारकी तिच्या पाण्याच्या पिकअपमधून आली अन् पुढं गेली. जाताना खिडकीतून हात काढून या-या असं केलं. तीस वर्षं बांधावरून भांडतेय माझ्याशी, आता रस्त्यावरून.

घरी आल्यावर कडूबा म्हणाला, आई, श्रीधररावांच्या सोसायटीची उन्हाळ्याची ऑर्डर पाडव्याला ठरणार आहे. आपल्याला नाही मिळाली तर मी गाडी विकणार अन् कंपनीच्या बसवर ड्रायव्हर लागणार. म्हटलं, मग मी कुठं बसायचं? म्हणाला, ओट्यावर बस की, सगळ्या म्हाताऱ्या बसतात.

निश्चय: मी ओट्यावर बसणार नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

उपाय सापडला. सायलीच्या मोबाईलवर एका गोऱ्या माणसानं आपल्यासारख्याच पिकअपला सुपरचार्जर बसवला. गाडी अशी उधळली की त्याची टोपी उडाली. सायलीनं इंग्रजी ऐकून सांगितलं, इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंखा फिरतो अन् तो आत हवा कोंबतो. म्हटलं, एवढंच ना? ही तर फुंकणी. पन्नास वर्षं चूल फुंकली मी. मला ही विद्या आधीपासून येते, फक्त तिला इंग्रजी नाव आहे हे माहीत नव्हतं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

चिकलठाण्याला बद्रीनाथ मिस्त्रीकडं गेले. कडूबाला सांगितलं, दवाखान्यात चाललेय.

बद्रीनाथ आधी हसला. मग म्हणाला, आजी, तुमच्या डिझेल इंजिनाला टर्बो आधीच आहे, एका चुलीला दोन फुंकण्या कशाला? म्हटलं, तुझ्या बायकोला विचार, ओल्या लाकडाला दोन लागतात. म्हणाला, इंजिन तापंल, रेडिएटर पुरायचा नाही. अन् आरटीओचे पासिंगवाले पकडतील ते वेगळंच. मग म्हणाला, आजी, ही पाण्याची गाडी आहे, शर्यतीची नाय. म्हटलं, पाणी लवकर पोचलं तर कडू लागतं का रे?

त्याच्याकडं भंगारातल्या एका परदेशी गाडीचा सुपरचार्जर पडून आहे. मला दाखवला. चांगला खलबत्त्याएवढा जड आहे. जड वस्तू टिकते.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

सायलीनं विचारलं, आजी, तुझ्या पाटल्या कुठायत? म्हटलं, जड झाल्या होत्या. पुढं विचारू नको आणि हे लिहू नको.

लिहिलंच. बघ, काय ध्यानात राहतं अन् काय नाही.

८ मार्च, शुक्रवार, महाशिवरात्र

उपास. साबुदाणा सुनेनं कच्चा ठेवला. साळूबाईचं लक्ष हल्ली नवऱ्याच्या चेहऱ्याकडं असतं, कारण नवऱ्यानं बॉनेट उघडं पाहिलंय. कडूबा ओरडत नाही, तेच वाईट. एवढंच म्हणाला, आई, गाडी माझ्या नावावर आहे. म्हटलं, अन् तू कुणाच्या नावावर आहेस?

बद्रीनाथनं बॉनेट कापून भोक पाडलं, सुपरचार्जरचं तोंड त्यातून वर काढलं. लई रुबाबदार दिसतं. गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात जाऊन मी हिरवा खण घेतला. कशासाठी ते वेळ आली की सांगीन.

१७ मार्च, रविवार

रिकामी गाडी जालना रोडला पळवून बघितली. काय सांगू! माझा पदर खिडकीबाहेर अन् जीव नरड्यात. एसटीला मागं टाकलं. कडूबाच्या तोंडावर हसू आलं होतं, मी पाहिलं. विचारलं तर म्हणाला, ऊन डोळ्यावर होतं.

परत येताना रेडिएटर उकळला. गाडी दोन बादल्या पाणी प्याली. साळूबाई म्हणाली, लोकांना प्यायला नाही अन् हिला पाजा. म्हटलं, तहान लागते म्हणजे तब्येत चांगली.

२४ मार्च, रविवार, होळी

द्वारकी पोळीचं ताट घेऊन आली. हे फक्त बघायला येणं होतं. बॉनेटभोवती दोन फेऱ्या मारल्या, तोंडात डोकावली अन् म्हणाली, आक्का, गाडीला घसा बसवला का? बोलत नाही अजून? म्हटलं, पाडव्याला बोलंल, तुझी गाडी ऐकंल. म्हणाली, माझी गाडी सहाला उठते, तिला ऐकायला सवड नसती.

पोळी मऊ होती. तूप कमी होतं. माणूस कळतो.

२ एप्रिल, मंगळवार

श्रीधरराव स्वतः विहीर बघायला आले. सोसायटीचे चेअरमन, रिटायर झालेले साहेब. बोलायच्या आधी घड्याळ बघतात. मी त्यांना सुपरचार्जर दाखवला. ते म्हणाले, आवडाबाई, मला वेगाशी काय करायचंय? पाडव्याला तुम्ही दोघी जावांनी एकेक टाकी आणा. आठच्या आत आमच्या हौदात पाणी पाहिजे, आणि मग रोज पाहिजे. बास.

आठच्या आत! म्हणजे वेगच झाला की. शहाणी माणसं सरळ बोलत नाहीत, त्यांचं आपण समजून घ्यावं लागतं.

विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं त्यांनी. उजेडाला धरून परत पाहिलं. पाण्याचं कौतुक कशाला, पाणी सगळ्यांकडंच असतं.

५ एप्रिल, शुक्रवार

बद्रीनाथचा फोन. तोंडावरची जाळी पुण्याहून यायचीय, दोन-चार दिवस लागतील, तोवर भरली गाडी चढावर घालू नका, उघड्या तोंडात काहीपण जाईल. म्हटलं, बरं. बरं म्हणायला काय जातं. जाळी म्हणजे फडकंच ना? अन् फडकं माझ्याकडं आहे.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा, दुपार

नीट लिही सायले. जे झालं ते माझ्या बाजूनं लिही.

द्वारकी सहाला निघाली. कडूबा चावी घेऊन उभा, म्हणाला, आई, आपणही निघू. म्हटलं, निघू दे तिला. तिला तास लागतो, आपल्याला वीस मिनिटं. आधी गुढी, मग ओटी.

साळूबाई म्हणाली, ओटी कुणाची?

म्हटलं, अगं, गाडीच्या पोटात नवीन काही आलंय ना? पहिल्या खेपेला ओटी नाही भरायची? सून आहेस का कोण? मी विधवा बाई, मला हात लावता येत नाही, म्हणून तिच्याकडून भरून घेतली. म्हणजे ओटी साळूबाईनं भरली हे आधी लिही. हिरवा खण, त्यात पाच मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. गाठोडं बांधून सुपरचार्जरच्या तोंडावर ठेवलं अन् दोऱ्यानं आवळलं. ओटीही झाली अन् जाळीही. एका कामात दोन कामं करणारी बाई या गावात मी एकटीच.

सव्वासातला निघालो. कडूबा म्हणाला, तो खण काढू का? म्हटलं, भरलेली ओटी घराबाहेर पडताना कुणी काढतं का, अपशकुनी.

गावातून नीट गेलो. शाळेपाशी नीट. भट्टीचा चढ आला. मी म्हटलं, दाब. कडूबानं दाबला. गाडीनं असा श्वास घेतला की मला आधी अभिमान वाटला. मग खण आत जाताना दिसला. आधी मधला भाग, मग कडा, मग दोरा. मग सुपारीचा आवाज आला. सुपारीचा आवाज मी जन्मभर अडकित्त्यात ऐकलाय, त्यामुळं ओळखला. मग तांदूळ. मग धूर. मग काहीच नाही.

कडूबानं खाली उतरून चाकाला दगड लावले.

समोरून द्वारकी. तिचं पाणी हौदात ओतून, रिकामी टाकी घेऊन परत येत होती. थांबली. मला वाटलं, आता हसंल. हसली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं, लई चांगलं होतं. ती म्हणाली, कडूबा, आठला पंधरा मिनिटं आहेत, पाइप आण. दोघांनी मिळून आपलं पाणी तिच्या टाकीत भरलं, अन् ती वळली अन् गेली. माझं पाणी, तिची गाडी. हौदात आठ वाजून दहा मिनिटांनी पडलं.

जाताना एवढंच म्हणाली, आक्का, उन्हात बसू नका, झाडाखाली बसा.

अपमान करायची ही नवीन पद्धत आहे.

१० एप्रिल, बुधवार

आज काही लिहायचं नाही. द्वारकीची नजर लागली एवढं लिही.

१३ एप्रिल, शनिवार

बद्रीनाथनं इंजिन उघडलं. सुपरचार्जरची पाती वाकलीत, तुकडे आत गेलेत. त्यानं पोत्यावर सगळं काढून ठेवलं: खणाच्या चिंध्या, हळकुंडाची पूड, भाजलेले तांदूळ. म्हणाला, आजी, चाळीस वर्षं गाड्या उघडतोय, मसालेभात पहिल्यांदा निघाला. म्हटलं, जाळी वेळेवर आणली असतीस तर निघाला नसता.

त्याचं चुकलंच. कुणी माझं म्हणत असंल तर वहीत शोधून दाखवावं.

२० एप्रिल, शनिवार

गाडी गेली. लासूर स्टेशनच्या भंगारवाल्यानं दोरानं ओढत नेली. पुढची सीट काढून ठेवा म्हटलं होतं, कडूबा म्हणाला, राहू दे आई. मी ओट्यावरून पाहिलं. ओट्यावर बसले नव्हते, उभी होते.

ऑर्डर द्वारकीला. पण श्रीधररावांनी कडूबाला फोन केला होता. म्हणाले, त्या दिवशी उशिरा आलेली टाकी कुणाच्या विहिरीची? तेच पाणी पाहिजे, पहिल्या टाकीत गाळ होता. द्वारकीच्या बोअरला पाण्याऐवजी हवा यायला लागलीय, म्हणून ती गप्प होती इतके दिवस! तर आता पाणी आपलं, गाडी तिची, अन् गाडी चालवणार माझा कडूबा. कंपनीची बस राहिली. सायली म्हणाली, म्हणजे आजी, सुपरचार्जरची गरजच नव्हती.

हे वाक्य खोड.

२२ एप्रिल, सोमवार, सकाळी नऊ, फोनवरून

सायले, मी विहिरीवर आहे. वही घे. द्वारकी दिवसाला किती टाक्या भरते ते बघायला कुणीतरी बसलं पाहिजे, अन् डोळे माझेच चांगले आहेत. ती पण बसलीय, समोरच्या दगडावर. कडूबाबरोबर पुढच्या सीटवर का नाही गेली विचारलं, तर म्हणे, आक्का, तुम्हाला बसायचं असंल म्हणून मोकळी ठेवलीय. मी गेले नाही. तिच्या सीटवर मी बसू?

दोन तास झाले, दोघी एकमेकींकडं बघत बसलोय. घरून काही आणलं नाही तिनं. तिची सून माहेरी गेलीय.

आईला सांग, डबा दोघींचा पाठव. मेथीची भाजी पाठव, द्वारकीला मेथी अजिबात चालत नाही. अन् भाकरी जरा पातळ कर, दुधात कुस्करून वाटीत वेगळी दे. तिला खालचे दात नाहीत.